केसांना सुट्टी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण निम्म्या मंडळींना (नातेवाईक) माहीतच आहे, उरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. २०२४ च्या जुलैमध्ये पाऊस आला म्हणून गॅलरीतले कपडे काढायला धावले आणि ओल्या फरशीवर घसरले. उजवा हात अंगाखाली आला आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन लागलं नाही, पण हात गळ्यात आला. डॉक्टर म्हणाले, "आजी, या वयात पडायचं नाही." जसं काही मी ठरवून पडले होते!

पण हाताची गोष्ट सांगत नाही. ती सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय, आणि फोनवर ऐकून ऐकून तुम्हालाही आला असेल. आज केसांची गोष्ट.

माझे केस धड सरळ नाहीत आणि धड कुरळेही नाहीत. मुळाशी सरळ निघतात, कानापर्यंत शहाण्यासारखे येतात आणि तिथून पुढे त्यांचं काहीतरी बिनसतं. कुणी नागमोडी म्हणतं, कुणी लाटांचे म्हणतं. मला 'लहरी' हा शब्द पटतो, दोन्ही अर्थ लागू पडतात म्हणून. आई मात्र यातलं काहीच म्हणायची नाही. ती म्हणायची, "या कार्टीचं टोपलं!"

वाईला आमच्या घरी रविवारी न्हाणं असायचं. तांब्याचा बंब पेटायचा, शिकेकाई-रिठ्याचं पाणी उकळायचं, डोळ्यांत गेलं की मी घर डोक्यावर घ्यायची. तो त्रास तासाभराचा, खरा त्रास रोज सकाळी. आईला घाई, मागे धाकटी दोघं, चुलीवर भात. ती ओंजळभर पाणी आणि पळीभर खोबरेल डोक्यावर थापायची, फणीने मधोमध भांग पाडायची आणि दोन वेण्या अशा आवळायची की माझ्या भुवया वर चढायच्या. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तू सारखी आश्चर्यचकित का दिसतेस? एक बट जरी कपाळावर आली तरी "झिपरी!" म्हणून हाक यायची. मोकळे केस म्हणजे भूत, मोकळे केस म्हणजे अंगात आलेली बाई, मोकळे केस म्हणजे घरात कुणी गेलेलं. दिवेलागणीला केसाला फणी लावायची नाही. सरळ केसांच्या मुलींनाही हे सगळे नियम होतेच, पण त्यांचे केस नियम पाळायचे. माझे पाळायचे नाहीत, आणि शिक्षा मला.

घरात माझ्या केसांना कधी नावं न ठेवणारं एकच माणूस होतं, ती म्हणजे आत्याआजी. वडिलांची आत्या. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली, ती कायमची. मी पाहिली तेव्हा साठीच्या पुढची असेल. तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. महिन्याभराने एकदा परसदारी न्हावी यायचा, तेव्हा आम्हां मुलांना पुढच्या अंगणात पिटाळलं जायचं. मी एकदा न्हाणीघराच्या भिंतीआडून पाहिलं. ती पाटावर खाली मान घालून बसली होती आणि न्हावी काही न बोलता काम करत होता. १९५६-५७ ची गोष्ट. म्हणजे स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होत आली होती, नव्या सिनेमांच्या जाहिराती गावात लागत होत्या, आणि आमच्या परसात हे चालू होतं. तिला कुणी सांगितलं असतं, आता वाढव केस, तर तिने वाढवले असते का? मला वाटत नाही. पण कुणी सांगितलंच नाही, हेही खरं.

रविवारी केस वाळवताना मी आत्याआजीच्या पुढ्यात बसायची. ती फणी वापरायची नाही, बोटांनी गुंता सोडवायची. खालून वर, टोकापासून मुळाकडे. एकदा ती म्हणाली, "माझेही असेच होते. वाकडे मेले." आणि हसली. मी मागे वळून पाहिलं तर पदर होता तिथेच. मला काही ते खरं वाटलं नाही. आत्याआजीला केस असतील ही कल्पनाच मला करता येईना. ते पाहिलेलं एकही माणूस तेव्हा घरात उरलेलं नव्हतं.

ती १९६३ साली गेली.

पुढे साताऱ्याला बीए झाले, बीएड झाले आणि १९७४ मध्ये नोकरीला लागले. जिल्ह्यातलीच शाळा, नाव घेत नाही. मराठी आणि इतिहास शिकवला, पस्तीस वर्षं. वेणीचा अंबाडा झाला आणि त्याला अकरा आकडे. हो, अकरा, मोजून. सरळ केसांच्या आमच्या गणिताच्या बाईंचं चार आकड्यांत भागायचं. सकाळी ओल्या केसांवर तेल, घट्ट वेणी, घट्ट अंबाडा, वर जाळी. संध्याकाळी आकडे काढले की डोक्याची कातडी दुखायची, मी दोन्ही हातांनी दाबत बसायची. 'हे' विचारायचे, "डोकं दुखतंय का?" मी म्हणायची, "नाही, केस दुखतायत." त्यांना तो विनोद वाटायचा.

इतिहासाच्या तासाला समाजसुधारकांचा धडा आला की मी एक गोष्ट आवर्जून सांगायची. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हावी बांधवांना संघटित केलं आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही म्हणून संप घडवला. पुस्तकात एखादी ओळ असेल-नसेल, मी दहा मिनिटं सांगायची. मुलं तल्लीन व्हायची. पस्तीस वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही की, बाळांनो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, संपानंतर सहासष्ट वर्षांनी, आमच्या परसात. का नाही म्हटलं? घरातली गोष्ट शाळेत कशाला न्यायची, असं वाटलं असेल. आता वाटतं, लाज वाटत होती.

निवृत्त झाले २००९ ला आणि पुण्याला मुलाकडे आले. केस पातळ झाले होते, पांढरे झाले होते, अंबाडा सुपारीएवढा दिसायला लागला. सूनबाईने प्रेमाने पार्लरला नेलं, खांद्यापर्यंत कापून घेतले, आणि वाढदिवसाला केसांची इस्त्री दिली. (सूनबाई हे वाचणार आहे. तिने राग मानू नये. मी ती इस्त्री फार आवडीने वापरली आहे.) तेल गेलं, आकडे गेले, इस्त्री आली. रोज सकाळी वीस मिनिटं आरशासमोर चिमटा फिरवायचा, चर्र असा आवाज, थोडा जळका वास. आणि काय सांगू, पहिल्या दिवशी आरशात पाहिलं तर साठ वर्षं आईला हवे होते ते केस! सरळ, गुळगुळीत, आज्ञाधारक. आई असती तर मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या.

पण पावसाळ्यात अकरा वाजले की पुन्हा मूळपदावर. भाजी घेऊन परत येईपर्यंत टोकं वर. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना एकदा फोनवर विचारलं, तर त्यांनी तासच घेतला. केस ज्या रोमकूपातून उगवतो तो कसा आहे यावर केसाचं वळण बरंचसं ठरतं. केसात केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध नाजूक असतात. ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस वाळताना, थंड होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्री तेवढेच हलवते. हवेतली ओल लागली की ते पुन्हा सुटतात आणि केस आपल्या जन्मजात वळणावर जातो. मग सरांनी आणखी सांगितलं की सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये माणसाचा केस ताणून बसवून हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र केलं होतं, कारण ओल वाढली की केस लांबतो. "म्हणजे बाई, तुमचं डोकं हे उपकरण आहे," असं म्हणून सर खदखदून हसले. इतक्या वर्षांत त्यांचा हा पहिला विनोद मी ऐकला.

असो. तर १५ वर्षं इस्त्री, त्याआधी ३५ वर्षं अंबाडा, त्याआधी आईच्या वेण्या. आणि मग ती ओली फरशी.

गळ्यात हात असताना केसांचं काय होतं हे अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. विंचरायला एक हात पुरतो असं आपल्याला वाटतं. पुरत नाही. एका हाताने केस धरावे लागतात, दुसऱ्याने फणी. डाव्या हाताने इस्त्री करायला गेले तर कान भाजला. रबरबँड एका हाताने लावायचा प्रयत्न करून पाहा, मुद्दाम सांगते, करून पाहा. मी दातात धरून केला. तो सुटून खिडकीतून खाली गेला.

शेवटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बसा आजी, मी घालून देते." बसले. मावशींना पुढे आणखी चार घरी जायचं असतं. त्यांनी ओलं केलं, ओढलं, फणी मुळापासून टोकापर्यंत एका दमात नेली आणि तेवढ्याच केसांची करंगळीएवढी वेणी घट्ट आवळून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मावशींचा दोष नाही, त्यांचा हात घाईचा. पण मान मागे ओढली गेली त्या क्षणी मला एक मुलगी आठवली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, घरातही नाही.

१९८६ चा जून. सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. एक मुलगी रोज अवतारात यायची. एक वेणी वर, एक खाली, रिबीन अर्धी सुटलेली, कपाळावर झिपऱ्या. माझ्यासारखेच केस, माझ्याहून दाट. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा उभं केलं. आमच्या शिक्षकखोलीच्या कपाटात तेलाची बाटली आणि फणी असायची, अशाच मुलींसाठी. चौथ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी तिला पुढे बोलावलं, रांगा तशाच उभ्या होत्या, नळाखाली डोकं भिजवायला लावलं आणि सगळ्यांसमोर तिच्या वेण्या घातल्या. तेल निथळेपर्यंत. घट्ट. अशा घट्ट की भुवया वर चढाव्यात. ती रडली नाही. मुली हसल्या. मी म्हटलं, "बघा, आता कशी छान दिसते." मला खरंच तसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती केस कापून आली. मुलग्यांसारखे, वेडेवाकडे. माझ्या मनात आलं, चला, आईने मनावर घेतलं, प्रश्न मिटला. वर्गात तसं बोलूनही दाखवलं.

तिची आई पहाटे मोलमजुरीला जायची, आणि ती स्वतःच्या वेण्या स्वतःच घालायची, पाठीमागे हात नेऊन, बिनआरशाच्या. हे मला नंतर कधीतरी कळलं होतं. कळून काही वाटलं नव्हतं. अडतीस वर्षांनी एका हाताने रबरबँड लावताना वाटलं.

त्या दिवशी दुपारी मी मावशींची वेणी सोडली आणि सूनबाईला सांगितलं, माझा हात बरा होईपर्यंत केसांना सुट्टी. धुवायचे, वाळवायचे, बाकी काही नाही.

नातीला हे ऐकून फार आनंद झाला. ती आठवीत आहे. तिचे केस माझे आलेत, बिचारीचे. तिने मला बसवून समजावलं की ओप्रा विन्फ्रेच्या केशभूषाकाराने, आंद्रे वॉकरने, केसांचे प्रकार पाडलेत. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे लाटांचे, मग कुरळे वगैरे. आणि दोनमध्ये पुन्हा ए, बी, सी. माझ्या डोक्याची तपासणी करून तिने निकाल दिला, "आजी, तू दोन-बी." म्हणजे शेवटी मला तुकडी मिळाली! मग तिने मोबाईलवर काय काय दाखवलं. जवस उकळून केलेला चिकट रस लावायचा, केस मुठीत धरून वर दाबायचे, जुन्या सुती टीशर्टात गुंडाळून ठेवायचे, रात्री साटिनच्या उशीवर झोपायचं. मी म्हटलं, बाळा, ही तर इस्त्रीपेक्षा मोठी नोकरी झाली. सरळ करायलाही तास आणि लाटा काढायलाही तास! मला सुट्टी हवी आहे, बदली नको. ती जराशी हिरमुसली. पण तिच्याकडून दोन गोष्टी मी घेतल्या. पंचाने खसाखसा पुसायचं नाही, आणि कोरडे असताना विंचरायचं नाही, ओले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून मुळाकडे. खालून वर. ते ती दाखवत होती तेव्हा मी गप्प बसून राहिले. तिला वाटलं मला झोप आली.

पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. इतकी वर्षं भाजलेली टोकं झाडूसारखी उभी, मधला भाग चपटा, उशीला टेकून मागे घरटं. आरशात पाहिलं की आईचा आवाज ऐकू यायचा. तिसऱ्या आठवड्यात सूनबाईने टोकं कापून दिली. नंतर हळूहळू काहीतरी बसायला लागलं. कपाळाच्या डाव्या बाजूला एक बट आहे, ती आधी आत वळते आणि मग बाहेर. चौऱ्याहत्तर वर्षं माझ्या डोक्यावर आहे आणि माझी तिची ओळख ऑगस्टमध्ये झाली. उजवीकडचे केस डावीकडच्यापेक्षा कमी वळतात. मानेवर तर चक्क कुरळे आहेत! पांढरे केस जास्त आडमुठे आहेत, आणि टँकरचं पाणी आलं की सगळेच रुसतात.

लोकांचं म्हणाल, तर पहिल्या महिन्यात चौघींनी विचारलं, बरं नाही का. खालच्या मजल्यावरच्या काकू देवळात भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोकळे केस, देवापुढे?" मी हात दाखवला. "अगं बाई, हो का," म्हणून त्यांनी लगेच माफ केलं. मोडलेला हात हे फार सोयीचं कारण आहे. नणंदबाईंचा फोन आला. म्हटलं, "वन्सं, बांधता येत नाहीत." त्या म्हणाल्या, "मग कुणाकडून तरी बांधून घे." त्यांचंही चुकत नाही, आम्ही सगळ्या एकाच फणीने वाढलो.

रात्री हाताच्या ठणक्याने झोप यायची नाही, तेव्हा बीएच्या वेळी वाचलेलं काय काय आठवायचं. मेघदूतातली यक्षपत्नी. नवरा शापामुळे वर्षभर दूर, म्हणून तिने विरहाच्या पहिल्या दिवशी बांधलेली एकच वेणी तशीच ठेवली आहे, फुलं नाहीत, तेल नाही, आणि ती त्यानेच परत येऊन सोडायची. भट्ट नारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकात द्रौपदीचे केस मोकळे, ते भीमानेच येऊन बांधायचे. वर्गात हे शिकताना आम्ही मुली हळव्या झालो होतो. आता उलटं वाटलं. एकीची वेणी नवरा येईपर्यंत सोडायची नाही, दुसरीचे केस नवऱ्याने सूड घेईपर्यंत बांधायचे नाहीत. आणि आमच्या आत्याआजीचा नवरा परत येणारच नव्हता, म्हणून तिचे ठेवलेच नाहीत. डोकं बाईचं आणि हिशेब दुसऱ्याचा. हे मला विसाव्या वर्षी का सुचलं नाही कोण जाणे. परीक्षेत लिहिलं असतं तर मार्क मात्र गेले असते.

डिसेंबरमध्ये आमच्या शाळेच्या १९९० च्या दहावीच्या मुलांनी स्नेहमेळावा ठेवला. 'मुलं' म्हणजे पन्नाशीची, काहींना टक्कल. गाडी पाठवतो म्हणाले. हात गळ्यातून निघाला होता, पण खांद्याच्या वर जात नव्हता. केस तसेच होते, खांद्यावर, पांढरे, मोकळे. निघताना मनात आलं, सूनबाईला सांगावं, एक छोटा अंबाडा घाल. या मुलांनी मला कधी असं पाहिलं नव्हतं. दारापर्यंत गेले, परत आले, आरशात पाहिलं, पुन्हा दारापर्यंत गेले. तशीच गेले.

ती आली होती. मी लगेच ओळखली, कारण केस अजून आखूडच. सातारला स्वतःचं दुकान आहे, मुलगा इंजिनिअरिंगला. पाया पडली, वर पाहिलं आणि म्हणाली, "बाई, तुमचे केस असे होते?"

मी म्हटलं, "असेच होते."

ती पाहत राहिली. मग मी ते बोलले. गाडीत अडीच तास जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "मी तुला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावलं होतं. तेल लावलं होतं. आठवतं का?" मला वाटलं, म्हणेल, छे हो बाई, कधीचं काय! किंवा आमच्या भल्यासाठीच केलंत, असं. माजी विद्यार्थी असंच म्हणतात, आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं.

ती म्हणाली, "आठवतं ना. दुखलं होतं."

मग जरा थांबून म्हणाली, "केस आईने नाही कापले बाई. मी कापले. दादाच्या कात्रीने. आईने त्याबद्दल मारलं मला."

मी म्हटलं, "चुकलं माझं." इतकंच. तिने मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते कळलं नाही. विचारलंही नाही. तेवढ्यात कुणीतरी जिलबीचं ताट आणलं, तिने माझा उजवा हात पाहिला, ताट माझ्या डाव्या बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कसा मोडला हात?" मग आम्ही हाताबद्दल बोललो. फोटो काढताना ती दुसऱ्या टोकाला होती.

परत येताना ड्रायव्हरने गाणी लावली होती. मी खिडकीची काच खाली केली. वाऱ्याने केसांचं जे व्हायचं ते झालं.

हाताचे व्यायाम चालू होते. खाली वाकून हाताला झोके द्यायचे, भिंतीवर बोटांनी चढत जायचं, रोज एक पेन्सिलीची खूण वर. हात डोक्यामागे जाणं सगळ्यात शेवटी येतं म्हणतात, तसंच झालं. फेब्रुवारीत एका सकाळी बोटं मानेवरच्या केसांना लागली. व्यायाम घेणारी मुलगी टाळ्या वाजवून म्हणाली, "वा आजी! आता वेणी घालता येईल!" तिच्यासमोर घालूनही दाखवली, तीन पेड, छोटीशी. घरी येऊन सोडली. सुट्टी हातापुरती होती, ती संपली हे मला कळतं, पण हजर व्हायला अजून गेले नाही.

इस्त्री नातीने मागून घेतली. मला वाटलं, हीसुद्धा केस सरळ करणार. नाही, ती त्याने शाळेच्या रिबिनी सरळ करते. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत, वर दुमडलेल्या, अजूनही. आईला सकाळी ऑफिसची घाई असते, म्हणून हात बरा झाल्यापासून पावणेसातला ती माझ्या पुढ्यात येऊन बसते. मी ओल्या केसांत बोटं घालते, गुंता खालून वर सोडवते आणि सैल वेण्या घालते. चार पावलं गेली की कपाळावर बटा येतात. मला दिसतात, मी काही म्हणत नाही.

गेल्या मंगळवारी तिच्या डायरीत लाल शाईने शेरा आला, "केस व्यवस्थित बांधून येणे." खाली पालकांची सही मागितली होती. असे शेरे मी शेकड्यांनी लिहिले असतील, अक्षर मात्र माझं बरं होतं. सूनबाई अजून आली नव्हती. नातीने पेन आणून दिलं, आणि सही मी केली. उजव्या हाताने.